आवळण्याआधी ओढलेली रेघ

माझा धाकटा भाऊ त्या दिवशी दारू प्यायलेला नव्हता.

हे वाक्य मी फार पूर्वी, पोलीस ठाण्याच्या ओट्यावर उभा असताना बोलायला हवं होतं. तिथं बोललो नाही, मग कोर्टात बोललो नाही, आणि पुढं न बोलण्याचीच सवय लागली. त्याची बायको ज्या अपघातात गेली तो माझ्यामुळं झाला. तो फक्त गाडी चालवत होता.

आम्ही दोघे भाऊ भद्रावतीजवळच्या एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होतो. मी फोरमन, तो फिटर. राहायला एकाच आवारात, मध्ये एक भिंत. गाडी माझी होती. बदलून गेलेल्या एका साहेबाकडून घेतलेली जुनी, लांबट गाडी. वरून ती छान दिसायची. पण आमच्या भागात गाडी वरून कशी दिसते याला अर्थ नसतो. रस्त्यावर बाराही महिने कोळशाची धूळ असते, तिच्यावर पाणी पडलं की काळा चिखल होतो, आणि तो चिखल गाडीच्या पोटाला चिकटून लोखंड खात बसतो. त्या वर्षी हिवाळा सरता सरता मागून खडखड आवाज येऊ लागला. खाली शिरून पाहिलं तर मागच्या चाकांना धरून ठेवणारी लोखंडी चौकट, जिला मेकॅनिक सबफ्रेम म्हणतात, ती पापुद्र्या पापुद्र्यानं सुटत होती. चाकांकडं जाणाऱ्या दांड्यांमधले रबरी बुश फाटले होते.

चंद्रपूरच्या गॅरेजवाल्यानं नवीन चौकट मिळत नाही असं सांगितलं. आम्ही दोघं हसलो. खाणीतले पंप आणि पट्टे उघडून बसवणाऱ्या माणसांना एका गाडीची मागची बाजू काय जड आहे!

घरामागच्या कडुनिंबाखाली गाडी उचलली. खाणीत छताला टेकू म्हणून लावतात तसले लाकडी ठोकळे एकावर एक रचून त्यावर ती ठेवली. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. त्यांवर डिझेल आणि जळकं ऑइल सोडायचं, दुसऱ्या दिवशी पाना लावायचा, हलला नाही तर गॅसनं तापवून घण मारायचा. दोन बोल्ट तुटलेच. शॉकअप निघाले, स्प्रिंगा साखळीनं दाबून बाहेर काढल्या, आणि शेवटी ती चौकट आम्ही जॅकवर हळूहळू उतरवून पोत्यावर ठेवली. मेलेलं जनावर असावं तशी ती पडली होती. भाऊ वायर ब्रश घेऊन तिच्याशेजारी मांडी घालून बसला. रोज शिफ्ट सुटली की घासायचा. नाकातोंडात लाल भुकटी.

"भाऊ, लग्नात हळद लावून आपल्याले कोनी एवढं घासलं नव्हतं," तो म्हणाला. आतून त्याची बायको हसल्याचा आवाज आला.

ती माझ्यासमोर यायची नाही. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी थेट बोलत नाही, मला काही सांगायचं असलं तर ती भिंतीला सांगायची, किंवा पोरीला पाठवायची. त्यांना एकच मुलगी, तेव्हा शाळेत जाणारी. आम्ही बौद्ध माणसं, पुष्कळ जुन्या रीती मागं टाकल्या, पण ही राहिली होती. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट मला ते मानाचं वाटायचं.

भाऊ पूर्वी प्यायचा, हे खरं आहे. मोहाची दारू, गावाकडं जाऊन यायचा तेव्हा. मुलगी बोलू लागली तेव्हा सोडली. विहारात सगळ्यांसमोर पंचशील घेतलं आणि पाळलं. मला हे पक्कं माहीत होतं, कारण मी त्याच्या भिंतीपलीकडं राहत होतो.

चौकटीला वर्कशॉपमधल्या वेल्डरनं दोन ठिगळं लावून दिली. जुने बुश आम्ही काटक्यांच्या जाळात धरून जाळले, तेव्हा आमच्या घरांच्या सगळ्या लाइनीत रबराचा घाण वास सुटला आणि शेजारच्या बाईनं वाळत घातलेले पापड उचलून आत नेले. नवे बुश साबणाचं पाणी लावून शिकंज्यात दाबून बसवले. मग लाल प्रायमर, त्यावर काळा रंग. उन्हात भिंतीला टेकून वाळत ठेवलेली ती चौकट इतकी नवी दिसायची की येणारे-जाणारे विचारायचे, कुठून आणली.

आता त्या रेघांबद्दल सांगायला हवं. आमच्या वर्कशॉपमध्ये एक पद्धत होती. ज्यानं बोल्ट शेवटचा आवळला, त्यानं बोल्टाच्या डोक्यापासून खालच्या लोखंडापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. रेघ दिसली की काम पक्कं. दुसरा कोणी त्यावर पाना लावत नसे, लावला तर तो त्या माणसाचा अपमान समजला जायचा. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे डोक्यावरचा तुकडा एकीकडं आणि खालचा दुसरीकडं, तर तो बोल्ट नंतर फिरला. खाणीत माणसं या रेघांवर जीव टाकून खाली उतरायची. नव्या पोरांना ही पद्धत शिकवणारा मीच होतो.

चौकट परत चढवली त्या दिवशी भाऊ पहिल्या पाळीला होता, मी एकटा होतो. चौकटीचे मोठे बोल्ट मी ताकदीनं आवळले. राहिले चाकांकडं जाणाऱ्या दांड्यांचे चार. ते गाडी उचललेली असताना आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर येऊन गाडीचं वजन त्यांवर पडलं की मग आवळायचे, नाहीतर आतला रबर पिळला जाऊन लवकर फाटतो. म्हणून मी ते चार हातानं फिरवून नुसते बसवले. आणि मग, रंगाचा डबा उघडाच होता, मी खाली पाठीवर पडलेलोच होतो, गाडी खाली आल्यावर तिथं ब्रश पोचणं अवघड, म्हणून त्या चारांवरही रेघा ओढून टाकल्या. आवळताना त्या जरा सरकतील, घरच्या गाडीला चालेल, असं वाटलं. आवळणं नंतर, रेघ आधी. एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला वर्कशॉपबाहेर उभं केलं असतं.

गाडी खाली उतरवली. पाना हातात घेतला होता. तेवढ्यात खाणीतून निरोप आला की पाणी उपसायचा पंप बंद पडलाय, फोरमनला बोलावलंय. मी हात धुवायला नळावर गेलो. पुतणी धावत आली.

"मोठेबाबा, आई इचारते, गाडी झाली का?"

तिच्या आईला माहेरी जायचं होतं. मूल शहराच्या पुढं, जंगलातलं गाव. मोहफुलांचा मोसम चालू होता आणि तिच्या भावानं तिच्यासाठी फुलं वाळवून ठेवली होती. हे मला ठाऊक होतं. पण ती आजच निघेल असं मनात आलं नाही. ‘अजून चार बोल्ट राहिलेत, आल्यावर आवळतो’ एवढं सांगायला काय लागलं असतं? पोरीला काय कळणार, ती आत जाऊन काय सांगणार, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर झालेल्या कामाची ऐटही होती.

"झाली," मी म्हणालो.

पंपाचं काम दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं. भाऊ दुपारी घरी आला, त्यानं गाडीखाली वाकून पाहिलं, सगळीकडं रेघा दिसल्या. शिवाय बायकोनं सांगितलं, भासरे म्हणाले झाली. मुलीची शाळा होती म्हणून तिला माझ्या बायकोकडं ठेवून दोघं निघाले.

दुसऱ्या दिवशी परतताना, मूलच्या अलीकडं जंगलातल्या रस्त्यावर उजव्या बाजूच्या दांड्याचा बोल्ट गळून पडला. मागचं एक चाक मोकळं झालं की गाडी मागून आपल्या मनानं वळू लागते, चालवणारा पुढून सावरतो, ती पुन्हा उलटी जाते. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं पोलिसांना सांगितलं की गाडी झोकांड्या खात होती. त्यानं पाहिलं तेच सांगितलं. गाडी डाव्या अंगानं सागाच्या झाडावर आदळली. डाव्या बाजूला ती बसली होती.

मागच्या सीटवरचं मोहफुलांचं पोतं फाटून फुलं गाडीभर पसरली होती. मार्चअखेरचं ऊन, बंद गाडी, त्या फुलांना दारूसारखाच वास सुटतो हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. जमलेल्या माणसांनी भावाला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या कपड्यांना, केसांना तोच वास येत होता. तो पूर्वी प्यायचा हे सासरच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मग काय! रक्ताचा अहवाल बऱ्याच दिवसांनी आला आणि त्यात काही नव्हतं, पण तोवर तिच्या माहेरच्यांनी, गावानं, लाइनीतल्या लोकांनी सगळं ठरवून टाकलं होतं.

मी काय केलं ते आता लिहितो.

गाडी ठाण्याच्या आवारात आणून ठेवली होती. मालक म्हणून मला बोलावलं. तिथल्या शिपायानं आत राहिलेलं सामान काढून घ्या असं सांगितलं आणि तो चहाला गेला. मी गाडीखाली शिरलो. भर दुपार होती, कोणीही पाहू शकलं असतं. एक बोल्ट नव्हता. बाकीचे तीन बोटांनी फिरत होते. माझ्या पिशवीत पाना होता आणि खिशात त्याच मापाचा एक जुना बोल्ट होता. म्हणजे मी घरून निघतानाच ठरवून निघालो होतो, हे पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःशीही मान्य केलं नाही. रिकाम्या भोकात जुना बोल्ट ठोकून बसवला, चारही आवळले, वरून चिखल चोळला. दोन दिवसांनी तपासणी झाली. तपासणाऱ्यानं ब्रेक, टायर, स्टिअरिंग पाहिलं, खाली टॉर्च मारला आणि गाडीत दोष नाही असं लिहिलं.

मला नोकरीची भीती होती का? होती. निवृत्ती जवळ आली होती. पण त्याहून मोठी भीती होती ती वर्कशॉपमधल्या माणसांची. ज्यांना मी रेघ शिकवली त्यांना कळेल की फोरमननं न आवळता रेघ ओढली. एवढ्यासाठी मी भावाला बुडवलं. हे वाचायला क्षुल्लक वाटेल. तेवढंच होतं.

गाडीत दोष नाही म्हणून बेदरकार चालवल्याबद्दल भावाला शिक्षा झाली, काही महिने तो आत होता. नोकरी गेली. मुलीला तिचे मामा घेऊन गेले. दारुड्यानं आईला मारलं, असं ऐकत ती त्यांच्या घरी मोठी झाली. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या आमच्या विधीच्या दिवशी तिच्या मोठ्या मामानं सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, तुमचा काय दोष भाऊ, तुमी तं गाडी नवी करून देली होती. मी मान हलवली.

सुटून आल्यावर भाऊ एकदा माझ्याकडं आला. मोडकी गाडी तोवर माझ्या मागच्या अंगणात आणून ठेवलेली होती. तो सरळ तिच्याकडं गेला आणि खाली शिरला. मी खिडकीतून पाहत होतो. तो बाहेर आला, नळावर हात धुतले, पाणी प्यायला आणि जातो म्हणाला. त्याला काही कळलं नाही, असं मी धरून चाललो. मग तो मूलकडं आमच्या मूळ गावी गेला, बकऱ्या पाळू लागला. मी सणावाराला जायचो, धान्य-कपडे न्यायचो. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

गेल्या वर्षी माझी बायको गेली. मुलगा पुण्याला, तो म्हणतो घर विकून इकडं या. मागची गाडी काढायला भंगारवाल्याला बोलावलं. चंद्रपूरचा जुना माणूस आहे, सगळ्या लाइनीला ओळखतो. ताडपत्री वर करून पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, ये गाडी रखी थी या साँप पाले थे?" मग म्हणाला की मागची चौकट वेगळी काढून ठेवा, गाडी उचलताना ती अडते.

मी भावाला फोन केला. चौकट काढायची आहे, एकट्याला जमत नाही, ये. जमत नव्हतं हे खरंच होतं. पण मला तो त्या गाडीखाली हवा होता. समोरासमोर बसून मला बोलता आलं नसतं.

तो बसनं आला. केस पूर्ण पांढरे. दोन म्हाताऱ्यांनी जॅक लावला, तेच लाकडी ठोकळे शोधून खाली दिले, आणि तेच डिझेल, तेच जळकं ऑइल. मोठे बोल्ट सुटेनात. तो एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, मध्ये ती चौकट. आम्ही लावलेला काळा रंग काही ठिकाणी अजून शाबूत होता. मी पाना खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. पंप, नळ, रेघा, ठाणं. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, दांड्यामागं होतं. मी थांबल्यावर त्यानं पाना बोल्टावरून काढला.

"मले मालूम हाये," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"सुटून आलो तेव्हापासून. तीन रेघा तुटल्या होत्या भाऊ. डोक्यावरची इकडं, खालची तिकडं. अन चौथ्या बोल्टाले रेघच नव्हती. तूच शिकवलं होतं ना, रेघ तुटली म्हंजे मंग कोनीतरी फिरवला."

मी विचारलं, मग काऊन नाही बोललास?

"तू बोलशीन म्हून. पयले साल दोन साल लय वाट पाह्यली. तू कपडे घेऊन आला का वाटे, आज बोलन. मंग आदत पडली." त्यानं बोल्टावर हात फिरवला. "रेघ पाहून मी पाना नाई लावला. लावला असता तं? हे बी डोक्यात राह्यते. तुह्या रेघेवर पाना लावाले हात नाई उचलला माहा."

माझ्या तोंडून माफी हा शब्द निघाला असेल, नक्की आठवत नाही. तो गाडीखालून सरकत बाहेर गेला आणि कडुनिंबाच्या मुळाशी बसून म्हणाला, "मले सांगून काय फायदा? मले तं मालूमच होतं. पोरीले सांग."

चौकट त्या दिवशी निघाली नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्यानं गॅसनं कापून नेली.

पुतणी चंद्रपूरला एका शाळेत शिकवते, तिला दोन मुलं आहेत. वडिलांशी तिचं बोलणं नव्हतं. लग्नातही तिनं मामाच्याच हातून सगळं करून घेतलं, आणि भाऊ मांडवाच्या शेवटच्या रांगेत परक्यासारखा जेवून निघून आला. मी तिच्या घरी गेलो तेव्हा ती स्वयंपाकाला लागली होती. मी ओट्याजवळ उभा राहूनच सांगितलं. तिनं गॅस बंद केला. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही नळावर होता. हाताला पांढरा रंग होता तुमच्या."

मी हो म्हणालो.

"‘झाली’ हे मीच पळत जाऊन आईला सांगितलं."

इतक्या वर्षांत, स्वतःला दोष देताना, हा निरोप कोणी पोचवला याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी भावाचा विचार केला, तिच्या आईचा केला, माझा तर केलाच. ही पोर धावत आत गेली होती हे विसरलो होतो.

तिनं मला पाणी दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. एवढंच म्हणाली की मला एकटीला सांगून चालणार नाही. बाबाला जे जे दारुडा म्हणाले, मामा, गाव, लाइनीतली माणसं, त्या सगळ्यांना कळलं पाहिजे. तोंडानं तुम्ही पुन्हा गोड करून सांगाल, लिहून काढा. नावं नका टाकू, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

म्हणून हे लिहिलं. आधी तिच्या मामाला वाचून दाखवलं. तो आता थकलाय, खाटेवर असतो. ऐकून त्यानं भिंतीकडं तोंड केलं आणि मला जायला सांगितलं. वर्कशॉपमधले दोघं-तिघं अजून भद्रावतीत आहेत, त्यांच्याकडंही गेलो. एकानं फक्त विचारलं, चारही रेघा न आवळता? मी म्हटलं, चारही. त्यानंतर बाजारात भेटला तरी तो ओळख दाखवत नाही.

परवा भावाचा फोन आला. पोरगी आली होती म्हणाला, बसनं, एकटीच. मी विचारलं, काय बोलली? तर म्हणाला, काही खास नाही, बकऱ्या पाहिल्या, घर झाडलं, वांग्याची भाजी करून ठेवली आणि शेवटच्या बसनं गेली. पुढच्या रविवारी मुलांना घेऊन येते म्हणाली.

मी म्हटलं, मग मीही येतो रविवारी.

त्याच्या मागं बकरी ओरडत होती.

"नाई भाऊ," तो म्हणाला. "ते म्हनाली, मोठेबाबा असन तं मी येत नाई."